डी४ ला काळ्याने काय खेळायचं: क्यूजीडी आणि सी८ चा अडकलेला उंट

दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची बुद्धिबळाची रॅपिड स्पर्धा होती, तिसरा राउंड, माझ्याकडे काळे. समोर साठी ओलांडलेले एक काका, पायाशी थर्मास, घड्याळ दाबतात तेसुद्धा आवाज न करता. त्यांनी डी४ खेळलं, मी डी५, मग त्यांनी सी४ पुढे सरकवलं आणि मी मनात म्हटलं, अरे वा, प्यादं फुकट! खाल्लं. त्यांनी ई३ केलं, मी ते मिळवलेलं प्यादं वाचवायला बी५, त्यांनी ए४, मी सी६ ने आधार दिला, त्यांनी बी५ वर खाल्लं, मी परत खाल्लं, आणि मग काकांनी वजीर उचलून एफ३ ला ठेवला आणि थर्मासचं झाकण उघडलं. मी बघतोय तर एफ३ पासून ए८ पर्यंतची तिरकी पट्टी सताड उघडी, टोकाला माझा हत्ती, मधे घालायला एखादा घोडा नाहीतर उंट, आणि काहीही घातलं तरी काहीतरी मरणारच. सहावी खेळी होती फक्त.

राउंड संपल्यावर वडापावच्या गाडीपाशी काका भेटले. म्हणाले, "अरे, ते प्यादं धरून ठेवायचं नसतं. त्यापेक्षा सरळ ई६ खेळ ना. फक्त त्या सी८ च्या उंटाची काळजी घे, बाकीचं आपोआप होतं."

आपोआप वगैरे काही होत नाही, ते काका चाळीस वर्षं खेळतायत म्हणून त्यांना तसं वाटतं. पण उंटाचं मात्र त्यांनी शंभर टक्के खरं सांगितलं, आणि हा अख्खा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. ज्यांना सोंगट्या कशा चालतात ते येतं, ऑनलाइन थोडंफार खेळून झालंय, पण काळे आले की पहिल्या दहा खेळ्यांतच गळा आवळल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी. ओपनिंगचं नाव क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, सगळे क्यूजीडी म्हणतात. जुनी, भक्कम, थोडी कंटाळवाणी वाटणारी. १९२७ साली ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यातले ३२ क्यूजीडी होते, म्हणजे दोघंही पांढऱ्याने एकमेकांना तेच विचारत होते आणि काळ्याने तेच उत्तर देत होते. इतकं घासून झालेलं असल्यामुळे आपल्यासारख्यांना एक फायदा होतो, यात आंधळी वळणं फार उरलेली नाहीत.

पायरी १: पट काढा, मोबाइल बाजूला ठेवा

खरंच सांगतोय. घरी फोल्डिंगचा चुंबकवाला पट असेल तरी चालेल. पहिले चार-पाच दिवस खेळ्या हाताने करा कारण बोटांनी केलेलं लक्षात राहतं. आणि पट काळ्याच्या बाजूने मांडा, हे बरेचजण विसरतात, पांढऱ्याच्या बाजूने बघून शिकतात आणि मग स्पर्धेत सगळं उलटं दिसायला लागतं.

खेळ्या मी घरांच्या नावांनी लिहितोय, म्हणजे घोडा एफ६ म्हणजे घोडा त्या घरात गेला, आणि नुसतं ई६ लिहिलं तर ते प्यादं समजा. आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची खेळी. कॅसल म्हणजे किल्लेकोट, पण हॉलमध्ये कोणी किल्लेकोट म्हणताना मी ऐकलेलं नाही, पेपरातच वाचलंय. (ज्यांचे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे त्यांना प्यादं पहिल्या खेळीत दोन घरं जातं हेच आधी पचत नाही, माझ्या आजोबांना शेवटपर्यंत पचलं नाही.)

पायरी २: पहिल्या तीन खेळ्या, आणि आपणच घातलेला घोळ

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६.

पांढरा सी४ करतो तेव्हा तो प्यादं दान करत नाहीये, तुमचं डी५ चं प्यादं मधून बाजूला ओढायला बघतोय, म्हणजे मग त्याला ई४ करून अख्खं मध्य खिशात घालता येईल. तुम्ही ई६ करून सांगता, नाही, मी इथेच उभा. डी५ ला मागून टेकू मिळाला, एफ८ च्या काळ्या घरातल्या उंटाला वाट मिळाली, लवकर कॅसल होणार, सगळं छान.

फक्त एक झालं. सी८ चा उंट पांढऱ्या घरांवरून चालतो, आणि त्याच्या बाहेर पडायच्या वाटेत ई६ वर आता तुमचंच प्यादं उभं आहे. लोकलमध्ये खिडकीला बसलेल्या माणसाचं दादर येतं आणि दारापर्यंत आपल्याच ग्रुपवाल्यांची भिंत उभी असते, तसं. आता दादरला उतरायचं तर कुर्ल्यापासून सरकायला लागतं हे मुंबईत शाळकरी पोरालाही माहीत आहे. क्यूजीडीमध्ये काळ्याचं काम तेच आहे: उंट कुठल्या दाराने बाहेर पडणार हे आधी ठरवायचं आणि त्या दिशेने आत्तापासून सरकायचं. खेळ्या विसरलात तरी हा एक प्रश्न स्वतःला विचारत राहिलात तर बरेचदा बरोबर खेळी सापडते, निदान अगदीच गाढवपणा होत नाही.

"मग उंट आधी बाहेर काढून नंतर ई६ करू की" असं डोक्यात येईलच. दुसऱ्याच खेळीत उंट एफ५ ला काढला तर डी५ ला टेकू नसतो, पांढरा सी४ ने डी५ खातो, तुम्हाला वजिराने परत खावं लागतं आणि मग घोडा सी३ ला येऊन वजिराला पळवतो. सी६ करून नंतर उंट काढायचा प्रकार आहे, त्याला स्लाव म्हणतात, तो चांगलाच आहे, पण तो वेगळा विषय. एका वेळी एकच शिका.

पायरी ३: सोंगट्या कुठल्या क्रमाने काढायच्या

४. उंट जी५ उंट ई७ ५. ई३ कॅसल ६. घोडा एफ३ एच६ ७. उंट एच४.

जी५ चा उंट तुमच्या एफ६ च्या घोड्याला वजिराशी जखडून ठेवतो, ई७ ला उंट आला की ती जखड सुटते. मग कॅसल, मग एच६. हे एच६ नवीन लोकांना फालतू वाटतं पण दोन कामं करतं. एक तर उंटाला विचारतं की बाबा, जाणार की मारणार, आणि दुसरं म्हणजे एच७ चं प्यादं तिथून हललं की पुढे पांढऱ्याने वजीर सी२ आणि उंट डी३ अशी तोफ लावली तरी तिला खायला तिथे काही उरत नाही. एच६ नंतर मात्र जी५ करून उंटाच्या मागे धावायचं नाही, राजासमोरची भिंत आपल्याच हाताने पाडल्यासारखं होतं ते.

त्याने मागे न जाता एफ६ ला घोडाच खाल्ला तर आनंदाने उंटाने परत खा. तुमच्याकडे दोन उंट राहिले, त्याच्याकडे एक. मग सी६, घोडा डी७, डी५ ने सी४ खायचं, आणि ई५! ई६ चं प्यादं ई५ ला सरकलं की सी८ च्या उंटाचं दार उघडलं.

इथपर्यंत पाठ करा. बस, सातच खेळ्या आहेत.

पायरी ४: बाहेर पडायची दारं

इथे थांबून जरा वेळ द्या कारण मजा इथेच आहे.

एक दार मागचं: ७... बी६ करायचं आणि उंट बी७ ला. याला टार्टाकोवर म्हणतात. खूप मोठे लोक खेळलेत पण यात बरेचदा तुमची सी५ आणि डी५ ची प्यादी आधाराविना लटकत राहतात आणि ती सांभाळणं सोपं नसतं. १९७२ ला रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात फिशरने स्पास्कीचा टार्टाकोवर असा काही फोडला की हरल्यावर स्पास्की स्वतः प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवत होता. तेव्हा हे दार सध्या ठेवू, वर्षभराने बघा.

दुसरं कापाब्लांकाचं: घोडा डी७, सी६, मग डी५ ने सी४ खायचं आणि लगेच घोडा डी५ ला आणून मारामारी करायची, एक-दोन सोंगट्या पटावरून गेल्या की ई५. गर्दी कमी करायची आणि मग प्यादं ढकलायचं, कल्पना झकास आहे. पण क्रम चुकला की नुसतीच जागा जाते.

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने तिसरं घ्यावं, लास्करचं. इमॅन्युएल लास्कर १८९४ ते १९२१ जगज्जेता होता, सत्तावीस वर्षं, तेव्हा माणसाला बचावातलं थोडंफार कळत असणार. ते असं:

७... घोडा ई४!

घोडा थेट मध्यात. आता ८. उंट ई७ खातो, वजीर ई७ खातो. एकदम दोन उंट पटावरून गेले, तुमचा वजीर चांगल्या घरावर आला. जागा कमी असली की सोंगट्या कमी करायच्या, वन रूम किचनमध्ये सोफासेट ठेवत नाही तसं. पुढे नेहमीचं म्हणजे ९. हत्ती सी१ सी६ १०. उंट डी३ (किंवा ई२) घोडा सी३ खातो ११. हत्ती सी३ खातो, डी५ ने सी४ खातो १२. उंट सी४ खातो, घोडा डी७ १३. कॅसल, आणि आता तुमच्याकडे दोन रस्ते: ई५ करा, नाहीतर बी६ करून पुढे सी५ आणि उंट बी७. म्हणजे पुढचं दार पण चालतं, मागचं पण.

नवव्या खेळीत त्याने ई४ ला घोडाच खाल्ला तर डी५ च्या प्याद्याने परत खा, त्याचा एफ३ चा घोडा पळेल डी२ ला, तुम्ही एफ५ ने प्यादं धरा. त्याने सी४ ने डी५ खाल्लं तर आधी तुम्ही सी३ ला घोडा खा, तो बी-प्याद्याने परत खाईल, मग तुम्ही ई६ ने डी५ खा. आणि बघा, ई६ चं प्यादं गेलं की उंट मोकळा! हा आनंद मला पहिल्यांदा झाला तेव्हा मी घाटकोपरला उतरायचं विसरलो होतो.

आता एक डाव सांगतो, तो पटावर स्वतः लावून बघाच. ११ मे २०१०, सोफिया, आनंद विरुद्ध टोपालोव, जगज्जेतेपदाचा बारावा आणि शेवटचा डाव. गुण सारखे होते. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद पडली म्हणून आनंद त्या मॅचला फ्रँकफर्टहून रस्त्याने सोफियाला पोचला होता, आणि शेवटच्या डावात त्याच्याकडे काळे. समोरच्याच्याच देशात, बल्गेरियात. काय खेळला? हेच, लास्कर. वरच्या खेळ्या जवळजवळ तशाच, टोपालोवने दहाव्या खेळीत उंट ई२ ला ठेवला, आनंदने तेराव्या खेळीत बी६ केलं आणि मग सी५.

त्याच्या सी८ च्या उंटाकडे लक्ष ठेवा फक्त. अठरा खेळ्या जागचा हलला नाही. एकोणिसाव्या खेळीत बी७. मग ए६, मग डी३, परत ए६, परत बी७, आणि अठ्ठाविसाव्या खेळीत पांढऱ्याचा घोडा अंगावर आला म्हणून पार कोपऱ्यात, ए८ ला. कोणीही बघितलं तर म्हणेल गेला हा उंट कामातून. पण ए८ पासून थेट एच१ पर्यंत पांढऱ्या घरांची रेष आहे आणि त्या रेषेवर जी२ ला टोपालोवचा राजा बसलेला! आनंदने ई५ केलं, मग एफ५, त्याने एफ५ खाल्लं, आनंदने ई४ ढकललं, टोपालोवने तेही खाल्लं, आणि बत्तिसाव्या खेळीत काळ्याचा वजीर ई४ खाऊन शह, मागून कोपऱ्यातल्या उंटाचा जोर. राजा एच३ ला बाहेर पडला आणि मग धावतच राहिला. छप्पन्न खेळ्यांत डाव संपला, मॅच साडेसहा-साडेपाच. त्या वर्षी ऑफिसमध्ये ज्यांना हत्ती कुठे ठेवतात माहीत नाही तेही दुसऱ्या दिवशी यावर बोलत होते.

पायरी ५: तो मधेच डी५ खातो तेव्हा

त्याच काकांशी पाचेक महिन्यांनी परत पडलं, मी तयारीत, लास्कर पाठ. त्यांनी चौथ्याच खेळीत सी४ ने डी५ खाल्लं. याला एक्स्चेंज म्हणतात आणि क्लब लेव्हलला हेच जास्त येतं, तेव्हा हे टाळून चालणार नाही. ४. सी४ डी५ खातो, ई६ डी५ खातो ५. उंट जी५ उंट ई७ ६. ई३ सी६ ७. वजीर सी२ घोडा डी७ ८. उंट डी३ कॅसल ९. घोडा एफ३ हत्ती ई८ १०. कॅसल घोडा एफ८.

मला वाटलं, चला, ई६ उघडलं, उंट मोकळा. पण त्यांचा वजीर सी२ ला आणि उंट डी३ ला, दोघांची नजर एफ५ वर, आणि तुमच्या उंटाला नेमकं तिथेच जायचं असतं. शिवाय ते मला सावकाश वजिराच्या बाजूने चावायला लागले. बी-प्यादं बी४, मग बी५, मग सी६ वर मारामारी, आणि शेवटी माझं सी६ चं प्यादं एकटं, मागास, त्यावर त्यांचे दोन्ही हत्ती. याला मायनॉरिटी अ‍ॅटॅक म्हणतात, पांढऱ्याची दोन प्यादी तुमच्या तिघांवर चाल करून येतात, आणि तीन असून तुम्हीच कमकुवत होता. मी चाळीस खेळ्या नुसतं सी६ ला पाणी घालत बसलो आणि हरलो.

चूक ही की मी वाट बघत बसलो. तो वजिराच्या बाजूला काम करतोय तर तुम्ही राजाच्या बाजूला करा: घोडा ई४ ला रोवा, दुसरा एफ८ वरून जी६ ला आणा, त्याच्या राजाकडे तोंड वळवा. आणि एखादा घोडा डी६ ला आणून ठेवला तर फारच छान, तिथून तो सी४ वर उडी मारतो, कारण बी-प्यादं पुढे गेल्यावर सी४ ला राखणारं पांढऱ्याचं प्यादंच उरत नाही. उंटाचं म्हणाल तर मधे जी६ करून तो एफ५ ला आणायचा आणि पांढऱ्याच्या डी३ च्या उंटाशी बदलून टाकायचा, हा उत्तम व्यवहार.

फक्त एफ५ ला आल्यावर पुढे भटकायचं नाही. २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंगच्या जगज्जेतेपदाच्या मॅचचा तिसरा डाव एक्स्चेंजच होता, डिंगने सहाव्या खेळीत जी६ आणि सातव्या खेळीत उंट एफ५ केलं, इथपर्यंत ठीक, मग वजिरांची मारामारी झाली आणि तो उंट थेट पांढऱ्याच्या घरात सी२ ला जाऊन बसला. तिथेच तो अडकला. गुकेशने सदतीस खेळ्यांत डाव जिंकला. घरात कोंडलेला उंट वाईट आणि रात्री परक्या गल्लीत शिरलेला उंट त्याहून वाईट.

पायरी ६: बाकीची गिऱ्हाइकं, पटकन

लंडन, म्हणजे २. उंट एफ४. ऑनलाइन दर दुसरा माणूस हेच खेळतो. इथे सी४ अजून आलेलंच नाही, तेव्हा ई६ ची घाई कशाला? घोडा एफ६ करा, उंट एफ५ ला काढा आणि मग ई६. मागाहून तो सी४ आणि वजीर बी३ करून बी७ च्या प्याद्यावर डोळा ठेवेल, तेवढं बघा.

कॅटलान, म्हणजे तो जी३ करून उंट जी२ ला ठेवतो. कॅसल करून घ्या आणि मग डी५ ने सी४ खा. हो, इथे खायचं! कारण प्यादं धरून ठेवायला खात नाही आपण. त्याचा वजीर ते परत घ्यायला सी४ ला येतो, तुम्ही ए६ केलेलंच असतं, आता बी५ ने वजिराला पळवा आणि उंट बी७ ला. त्याने ए४ करून बी५ अडवलं तर उंट डी७ आणि मग सी६. आला बाहेर.

त्याचा उंट जी५ ऐवजी एफ४ ला आला तर उंट ई७, कॅसल, मग सी५. त्याने खाल्लं तर उंटाने परत खा.

१. ई४ आलं तर हे काहीच चालत नाही, त्याला वेगळं उत्तर लागतं. फ्रेंच घेतलंत तर तिथेही ई६ आणि तिथेही हाच उंट रडत बसतो, निदान ओळखीचं रडणं असेल.

पायरी ७: एक सापळा, पण अटीसकट

प्रत्येकजण हा विचारतोच म्हणून. चौथ्या खेळीत उंट ई७ ऐवजी घोडा डी७ ला ठेवा. पांढऱ्याला वाटतं, एफ६ चा घोडा जखडलेला आहे, डी५ फुकट. ५. सी४ डी५ खातो, ई६ डी५ खातो ६. घोडा डी५ खातो, आणि तुम्ही बिनधास्त एफ६ च्या घोड्याने तो घोडा खाता. ७. उंट तुमचा वजीर खातो डी८ ला, तुम्ही उंट बी४ शह! त्याला वजीर डी२ ला मधे घालण्याशिवाय गत्यंतर नाही, तो खा, राजा परत खाईल, मग डी८ चा उंट राजाने खा. हिशोब करा: एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा वर. याला एलिफंट ट्रॅप म्हणतात, आणि गंमत म्हणजे आपल्या भाषेतल्या हत्तीचं यात काहीच काम नाही.

अट ही की त्याचं ई२ चं प्यादं घरीच हवं. त्याने ई३ केलेलं असेल तर बी४ च्या शहाला राजा ई२ ला सटकतो आणि तुम्ही वजीर गमावून बसता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सापळा लावला, समोरची कॉलेजची पोरगी ई२ ला राजा ठेवून पाणी प्यायला गेली.

पायरी ८: सराव

दहा मिनिटांचे डाव लोकलमध्ये खेळू नका, निदान शिकत असताना. घाटकोपरला धक्का बसतो, बोट भलत्या घरावर पडतं, आणि नंतर कळत नाही की चूक ओपनिंगची होती की मेट्रोवाल्या गर्दीची. प्रवासात फक्त झालेले डाव बघा. घरी आठवड्यातून तीन-चार डाव पंधरा मिनिटांचे, त्यावर प्रत्येक खेळीला दहा सेकंद मिळतील असे. डाव संपला की इंजिन लावायच्या आधी स्वतः शोधा कुठे गडबडलं. इंजिन सांगतं की खेळी वाईट होती, का वाईट होती ते सांगत नाही, आणि नुसता आकडा बघून कोणी सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

पहिला आठवडा पायरी ३ पर्यंतच. दुसरा आठवडा लास्कर, आणि आनंदचा तो डाव रोज एकदा पटावर. एक्स्चेंज तिसऱ्या आठवड्यात, आणि त्याला दोन आठवडे लागले तरी चालतील. स्पर्धेत जाणार असाल तर हात लावला की तीच सोंगटी चालावी लागते हे विसरू नका. सातव्या खेळीत ई४ ला जायचा तो एफ६ चा घोडा, चुकून एच६ च्या प्याद्याला बोट लावलं तर जागच्या जागी बसून रडायला होतं.

आणि एक वही करा. दोनशे पानी, साधी. प्रत्येक डावानंतर फक्त एक गोष्ट लिहायची: सी८ चा उंट पहिल्यांदा कितव्या खेळीत हलला आणि कुठल्या दाराने. बी७, ई५ नंतर, एक्स्चेंजमुळे, जे असेल ते. जिंकलो की हरलो हे लिहायचं नाही. वीस-पंचवीस डाव झाले की पानं चाळा, तुमचा घोळ कुठे होतोय ते दिसायला लागेल. माझी तिसरी वही चालू आहे, काका पण हल्ली राउंड संपल्यावर येऊन ती मागून घेतात आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचतात. सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं उत्तर अजून "हललाच नाही" हेच आहे.